दुसरा दोर

मी दोर बोलतोय. नुसता दोर म्हटलं तर तुमच्या डोळ्यांपुढे विहिरीवरचा नाहीतर कपडे वाळत घालायचा दोर येईल. मी तो नव्हे. उंच इमारतींच्या बाहेरून काचा पुसणारी माणसं ज्या दोन दोरांवर उतरतात, त्यांतला मी दुसरा.

पहिल्या दोरावर माणूस बसतो. त्याची फळी, त्याची बादली, त्याचं सगळं वजन पहिल्यावर. माझ्यावर काहीच नाही. मी शेजारी सैल सोडलेला असतो. माणसाच्या पट्ट्याला एक लोखंडी पकड अडकवलेली असते, ती माझ्यावरून निमूटपणे खाली सरकत जाते. पहिल्या दोराला काही झालं आणि झटका बसला, की ती पकड माझ्या अंगात दात रोवते आणि माणूस हातभर खाली येऊन थांबतो. बस्स, एवढंच काम. ते करायची वेळ येईपर्यंत मी रिकामटेकडा. आणि रिकामटेकड्यांना कामाच्या ठिकाणी काय मान मिळतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

माझा जन्म कारखान्यातला. आत बारीक पांढऱ्या धाग्यांच्या लडी, वरून घट्ट विणलेलं कवच आणि त्यात एक लाल रेघ. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. ती प्रत्येक दोर डोळे मिटून बोटांतून ओढून बघायची. मला ओढताना ती एका जागी थांबली, नखानं चाचपलं, मागे गेली, पुन्हा ओढलं. मग म्हणाली, "चांगला आहे." आणि माझ्या टोकाला नंबराची चिठ्ठी अडकवली. माझं कौतुक म्हणून कुणी केलं असेल तर ते तेवढंच.

साफसफाईच्या एका कंपनीनं मला घेतलं आणि अकरा मजल्यांच्या एका काचेच्या इमारतीवर पाठवलं. गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली होती, तिच्यात एक लोखंडी कपाट. मी त्या कपाटात राहायचो. पहिला दोर बाहेर खिळ्यावर, हाताशी. मला कुलूप होतं, कारण मी नवा होतो, महाग होतो आणि सुपरवायझरच्या मते माझी रोज गरज नव्हती.

कपाटाची चावी सुपरवायझरकडे. माणूस तसा वाईट नव्हता. कामगारांच्या घरची विचारपूस करायचा, कुणाला बरं नसलं तर घरी पाठवायचा. त्याला फक्त घड्याळाचं भारी वेड. एका बाजूच्या काचा किती वाजता सुरू झाल्या आणि किती वाजता संपल्या, ते तो हातावर पेनानं लिहून ठेवायचा. मला बांधायला, सोडायला आणि पुढच्या खिडकीकडे सरकवायला वेळ लागायचा. तो वेळ त्याच्या हातावर दिसायचा. म्हणून मी त्याला नकोसा.

महिन्यातून एकदा मात्र तो स्वतः मला बाहेर काढायचा. त्या दिवशी फोटो असायचे. मला गच्चीतल्या लोखंडी कड्याला बांधायचा, कामगाराला कठड्यावर उभं करायचा, "हस जरा, फासावर चाललायस का?" म्हणायचा आणि फोटो काढायचा. मग मी परत कपाटात. कंपनीच्या माहितीपत्रकावर माझा मोठा रंगीत फोटो आहे म्हणे. माणसाच्या जिवाची आम्हाला काळजी, असं काहीतरी त्याखाली छापलंय.

मला रोज बाहेर काढायला लावणारा एकच माणूस होता. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत तो कधी शिकवायला गेला नव्हता. दुसऱ्याच्या गाठी तपासायची आणि चुकलेली गाठ सोडून पुन्हा बांधायला लावायची त्याला खोड होती, म्हणून मास्तर. बावीस वर्षं काचा पुसत होता. चावीसाठी तो सुपरवायझरपुढे नुसता उभा राहायचा. वाद नाही, आवाज नाही. चावी हातात पडेपर्यंत हलायचा नाही, एवढंच.

मास्तरबरोबर त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ काम करायचा. मास्तरचा मेहुणा म्हणून कामाला लागला, तर सगळे त्याला मेहुणाच म्हणायला लागले. वॉचमन मेहुणा म्हणे, लिफ्टवाला मेहुणा म्हणे, सुपरवायझरही मेहुणाच म्हणे. "अख्ख्या कंपनीनं माझ्या बहिणीशी लग्न केलंय," असं तो म्हणायचा आणि मास्तर त्याच्या पाठीत धपाटा घालायचा.

मेहुणा हाताचा चलाख होता. वरून खाली एक पट्टा, शेजारी दुसरा, काचेवर एक ओघळ राहायचा नाही. माझा मात्र त्याला कंटाळा.

"भावजी, ही शेपटी रोज लावायलाच पाहिजे का?"

"पाहिजे."

"वीस मिनिटं जातात हो."

"जाऊ देत. उद्या काही झालं तर तुझ्या बहिणीला काय सांगू? वीस मिनिटं वाचवली म्हणून?"

मेहुणा कुरकुरत मला बांधायचा. पण बांधायचा. मास्तर गाठ बघायचा, मान हलवायचा, मग तो कठड्यावरून पाय टाकायचा. अशी चार वर्षं गेली. मी चार वर्षांत एकदाही उपयोगी पडलो नाही. मला तेवढंच हवं होतं.

मग तो दिवस आला. मास्तर डोळे तपासायला गेला होता. मेहुणा एकटाच कामावर. त्या दिवशी काम खरं तर आतलंच होतं, जिने आणि लॉबी. पण सकाळी साडेनवाला सुपरवायझर घाईघाईनं गच्चीवर आला आणि मेहुण्याला हाक मारली. तिसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीची काच कबुतरांनी घाण केली होती आणि अकराला मालकांचे पाहुणे यायचे होते.

मी कपाटात होतो. दाराच्या पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

"साहेब, दुसरा दोर काढून द्या," मेहुणा म्हणाला.

"अरे, एका काचेचं काम. दहा मिनिटं."

"द्या तरी."

"चावी खाली गाडीत राहिली."

"मी आणतो ना पळत जाऊन."

"तू खाली जाणार, वर येणार, मग तो दोर बांधणार. तोवर पाहुणे येऊन चहा पिऊन जातील." सुपरवायझर हसला. "काय रे मेहुण्या, आज भावजी नाहीत म्हणून भीती वाटतेय?"

मेहुणा हळू आवाजात म्हणाला, "भावजी नाहीत म्हणूनच म्हणतोय. काढून द्या ना साहेब."

"उद्या मास्तर आला की दोन काय, चार बांध. जा आता, वेळ जातोय."

मेहुण्यानं खिळ्यावरून पहिला दोर काढला. त्याची पावलं कठड्याकडे गेली.

कठड्यावर आठवड्यापूर्वीच जाहिरातीच्या दिव्यांसाठी पत्र्याची पट्टी बसवली होती. तिची कड धारदार होती. मेहुण्यानं दोराखाली गोणपाट घातलं होतं, पण माणूस खाली झुलायला लागला की गोणपाट सरकतं आणि दोर कडेवर घासून तुटतो. हे सगळं मी नंतर लोकांच्या तोंडून ऐकलं. मला त्या वेळी फक्त एक धप्प असा आवाज आला आणि मग खालून ओरडा.

तो तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पोर्चच्या छतावर आपटला आणि तिथून फरशीवर.

आता पुढचं नीट ऐका. मशीनच्या खोलीत कुणीतरी धावत आलं. कपाटाचं कुलूप उघडलं. सुपरवायझर होता. चावी त्यानं शर्टाच्या खिशातून काढली. गाडीतून नव्हे, शर्टाच्या खिशातून.

घाईत मी त्याच्या हातून दोनदा खाली पडलो. त्यानं मला ओढत कठड्यापाशी नेलं, दुसऱ्या कड्याला बांधलं आणि माझं टोक खाली सोडून दिलं. मी घरंगळत खाली गेलो. अकरावा मजला, दहावा, नववा. खाली माणसं मेहुण्याभोवती वाकलेली होती, त्यामुळे वर कुणाचंच लक्ष नव्हतं. माझं टोक त्याच्यापासून दोन हातांवर येऊन लोंबकळत राहिलं. चार वर्षं मी ज्यासाठी त्याच्याबरोबर उतरत होतो, ते काम सोडून मी आता सगळं उरकल्यावर पोचलो होतो. वरून सुपरवायझरनं मोबाइलवर माझे फोटो काढले. तीन फोटो. गाठीचा एक, कठड्याचा एक, आणि खाली लोंबणाऱ्या माझा एक.

फोटोत काय दिसत होतं? दोर दिलेला होता, बांधलेला होता, कामगारानं पट्ट्याला अडकवला नाही. त्या फोटोत मी खोटं बोललो. माझ्याकडून ते वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरला ऑफिसात बोलावलं. मी पुरावा म्हणून टेबलावर होतो, तशीच गाठ मारलेला. मास्तर रात्रभर दवाखान्यात बसून आला होता. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. गाठ हातात घेतली, उलटसुलट केली. मेहुणा डावखुरा. त्याची गाठ नेहमी उलट्या अंगानं वळायची, त्यावरून मास्तर त्याला चिडवायचा. ही गाठ सरळ वळलेली होती, आणि वरून अर्धवट ओढलेली. मास्तरच्या एका नजरेत सगळं आलं. मला त्याच्या बोटांतून ते कळलं.

"ही गाठ त्यानं मारलेली नाही," तो म्हणाला.

सुपरवायझरनं दार लावून घेतलं. मग खुर्ची ओढून मास्तरजवळ बसला. त्याचेही डोळे लाल होते, हे मी लपवत नाही.

"मास्तर, त्याच्या मणक्याचं ऑपरेशन आज झालं पाहिजे. डॉक्टर काय म्हणाले, तुम्हीही ऐकलंय. मोठ्या दवाखान्यात हलवायचं तर खर्च कंपनी देईल अशी कंपनीची चिठ्ठी लागेल. मालक चिठ्ठी द्यायला तयार आहेत. फक्त कागद सरळ पाहिजेत."

"म्हणजे?"

"म्हणजे दोर कपाटात नव्हता. त्यानं लावला नाही. त्याला कंटाळा होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही त्याचे नातेवाईक, तुम्ही सही केलीत की विषय संपला."

मास्तरनं माझी गाठ सोडली, मला नीट गुंडाळलं, माझ्यावरून हात फिरवला आणि पेन मागितलं.

मेहुणा वाचला. हात शाबूत, बोलणं शाबूत, कमरेखाली काही नाही. आणि त्या सकाळचं त्याला काहीच आठवेना. आदल्या संध्याकाळचं सगळं आठवे, त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. अपघाताच्या तपासणीला आलेल्या सरकारी माणसानं फोटो बघितले, मास्तरची सही बघितली आणि लिहून टाकलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

मास्तरला बढती मिळाली. सुरक्षा प्रशिक्षक. आता दोरावर उतरायचं नाही, नव्या कामगारांना शिकवायचं. शिकवण्यासाठी एक दोर हवा, म्हणून मला त्याच्या हवाली केलं. तो मला पिशवीत घालून इमारती-इमारतींतून फिरायचा. गाठी कशा मारायच्या ते माझ्यावर दाखवायचा. शेवटी गोष्ट सांगावी लागायची. कंपनीनं ती छापूनच दिली होती. एका कामगारानं दुसरा दोर लावायचा आळस केला, आज तो अंथरुणावर आहे. मास्तर ती कागदात बघून वाचायचा. वर मान करायचा नाही. नवे लोक विचारायचे, "तुम्ही ओळखत होता त्याला?" मास्तर म्हणायचा, "हो, तोंडओळख होती."

त्या तोंडओळखीच्या माणसाच्या घरी आम्ही रोज संध्याकाळी परत जायचो. मेहुणा बहिणीकडेच राहायला आला होता. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली त्याचा पलंग. मास्तर पिशवी पलंगाच्या पायथ्याशी ठेवायचा आणि मी तिथून सगळं ऐकायचो.

बहिणीची भावावर फार माया. म्हणूनच ती त्याला फार बोलायची. त्याची कूस बदलताना, पाठीला पावडर लावताना, नळी साफ करताना तोंड सुरू.

"तुझे भावजी घसा कोरडा करून सांगत होते, दुसरा दोर बांध, दुसरा दोर बांध. ऐकलंस? एक दिवस ते नव्हते तर लगेच मोकाट सुटलास. आईला कळलं असतं तर काय वाटलं असतं तिला?"

"चुकलं, ताई."

"चुकलं म्हणून पाय येणार आहेत का?"

"नाही ना येणार. तू बोल, तुला बरं वाटतं."

मास्तर तेव्हा हातपाय धुवायला जायचा. खूप वेळ धूत राहायचा.

असे सहा महिने गेले. मग कंपनीच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. मेहुण्याचा व्हिडिओ काढायचा. तो स्वतःच्या तोंडानं सांगेल की माझी चूक झाली, तुम्ही करू नका. नव्या कामगारांवर परिणाम होईल. मास्तरनं हा निरोप घरी सांगितलाच नसता, पण सुपरवायझरनं परस्पर मेहुण्याला फोन केला. आणि मेहुणा खूश झाला! सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी काम दिलं होतं. त्यानं आरसा मागून दाढी केली. पलंगावर बसून वाक्यं म्हणून बघायला लागला.

"माझ्याजवळ दोर होता. मी आळस केला. मी दोर लावला नाही." मग मास्तरकडे वळून, "भावजी, आळस म्हणू की कंटाळा? कोणतं चांगलं वाटतं?"

मास्तर खाली बसून मला गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

"ते वाक्य म्हणू नकोस."

"का? जमत नाहीये?"

"खरं नाहीये ते."

मेहुणा हसला. "काय खरं नाही?"

"दोर तुझ्याजवळ नव्हता. कपाटात होता, कुलपात. तू पडल्यावर काढून बांधला. गाठ तुझी नव्हती. मी बघितली." मास्तरनं श्वास घेतला. "तुझं ऑपरेशन व्हायचं होतं. मी सही केली."

मेहुण्यानं हातातला आरसा उशीखाली सारला. मग विचारलं, "ताईला माहीत आहे?"

ताई दारात उभी होती. हातात गरम पाण्याची पिशवी. ती रडली नाही, ओरडली नाही. नवऱ्याकडे बघत राहिली.

"ऑपरेशनसाठी सही केलीत, मी पण केली असती," ती म्हणाली. "पण सहा महिने मी त्याला बोल लावत होते. रोज. तुम्ही तिकडे नळाखाली हात धूत होता आणि मला बोलू देत होता."



ती भावाच्या पलंगाच्या कडेला बसली आणि त्याच्या स्पर्श न कळणाऱ्या पायांवरून हात फिरवत राहिली. त्या रात्री त्या घरात नवरा-बायकोचं बोलणं कामापुरतंच झालं. अजूनही तसंच असेल.

मास्तरनं मात्र मागेपुढे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्गात त्यानं छापील कागद फाडला आणि खरी गोष्ट सांगितली. दुपारपर्यंत त्याची नोकरी गेली. तो मला घेऊन कामगार खात्याच्या ऑफिसात गेला, लेखी तक्रार दिली आणि मला पुरावा म्हणून तिथे जमा केलं. आता तो रस्त्यावरच्या दुकानांच्या काचा पुसतो असं ऐकलंय. जमिनीवर उभा राहून.

सुनावणी वर्षभरानं झाली. मला प्लास्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. मेहुण्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. कंपनीचा वकील मोठा गोडबोल्या. म्हणाला, "मास्तर म्हणतात त्याप्रमाणे कपाट बंद होतं, असं घटकाभर धरून चालू. चावी सुपरवायझरकडे होती. मागितली असती तर दिली असती. प्रश्न एवढाच आहे, त्यानं दोर मागितला होता का?"

सुपरवायझर उभा राहिला. "नाही मागितला," म्हणाला. मेहुण्याकडे त्यानं बघितलं नाही.

अधिकारी बाई मेहुण्याकडे वळल्या. त्याआधी मास्तर पटकन त्याच्या कानाशी वाकला. "हो म्हण," तो कुजबुजला. "फक्त एवढंच. हो म्हण."

"तुम्ही दुसरा दोर मागितला होता का?" बाईंनी विचारलं. "आठवून सांगा."

खोलीत पंखा फिरत होता. मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं. लाल रेघेवरून बोट फिरवलं, जणू तिथे काही लिहिलंय.

"मॅडम, मला त्या सकाळचं काही आठवत नाही," तो म्हणाला. "मागितला असेन, नसेनही. मला ह्या दोराचा कंटाळा होता, हे खरं आहे. आठवत नाही त्याला हो कसं म्हणू?"

बाईंनी ते लिहून घेतलं. निकाल लागला तेव्हा त्यात दोन्ही बाजूंचा निष्काळजीपणा असं आलं. कंपनीला ताकीद मिळाली. सुपरवायझर दुसऱ्या इमारतीवर गेला. आणि त्या खोलीत ज्या एकानंच खोटं बोलायला नकार दिला, त्याच्या नावापुढे अर्धा दोष कायमचा लागला.

मी इथे फायलींच्या खोलीत, पिशवीत बंद आहे. माझी मुदत संपत आली, लवकरच मला कापून टाकतील. त्याचं मला काही नाही. पण तुम्ही एवढा वेळ ऐकलंत, तर एक काम करा. तो तुम्हाला कुठे भेटला, खिडकीशी बसलेला, बहिणीला अजूनही चुकलं म्हणणारा, तर त्याला माझा निरोप सांगा. म्हणावं, तू मागितला होतास. तीनदा मागितला होतास. शेवटच्या वेळी तर विनवणी केली होतीस. मी दाराआड होतो, मी ऐकलं.